रक्तांतील चुकार पेशी

रक्ताच्या तपासणीचा कागद हातीं आला आणि त्यांत इतर आंकड्यांबरोबर 'कर्करोगाची पेशी : एक' असें लिहिलेलें आढळलें, तर रेणापूरसारख्या गांवांत त्या ओळीचा अर्थ काय लावला जाईल, हें सांगावयास ज्योतिषी नको. दिवेलागणीपर्यंत गल्लींत बातमी होते कीं, अमक्याच्या सुनेच्या रक्तांत कॅन्सर उतरला. दुसऱ्या दिवशीं जो तो भेटावयास येतो, तो शेवटचें भेटून घ्यावें अशा चेहऱ्यानें. आणि जिची गांठ लहान असतांनाच काढली गेली, जिला डॉक्टरांनीं बरें होण्याची उत्तम आशा सांगितली, ती बाई हातपाय गाळून उरलेले उपचार अर्ध्यावर सोडते. याच्या अगदीं उलट प्रकार दुसऱ्या घरीं होतो. तेथील कागदावर शून्य असतें. 'आतां कशाला लातूरला खेटे घालावयाचे?' म्हणून गोळ्या बंद होतात. दोन्हीं घरीं कागद खरा असतो, वाचन तेवढें चुकलेलें असतें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. रक्तांत अशी पेशी सांपडणें म्हणजे रक्ताचा कॅन्सर नव्हे. रक्ताच्या कॅन्सरांत, जेथें रक्त तयार होतें त्या अस्थिमज्जेंतच बिघाड होऊन पांढऱ्या पेशी बेसुमार वाढूं लागतात. येथें गोष्ट निराळी आहे. स्तनांतील गांठींतून सुटलेली एकादी पेशी रक्ताच्या ओघांत सांपडते. ती तेथली नव्हे, वाट चुकून आलेली. कळपांतून निसटलेलें चुकार वासरूं दुसऱ्याच्या रानांत दिसलें, म्हणून तें रान कांहीं त्या कळपाचें होत नाहीं.

ही चुकार पेशी प्रथम पाहणारा माणूस मेलबोर्न येथील टॉमस अॅशवर्थ हा डॉक्टर होय. १८६९ सालीं कर्करोगानें मरण पावलेल्या एका रुग्णाचें रक्त त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलें, तों त्यांत गांठींतील पेशींसारख्याच पेशी त्यास दिसल्या. एकाच रोग्याच्या अंगावर अनेक ठिकाणीं गांठी कां उठतात, याचें उत्तर या पेशींत असावें अशी शंका त्यानें लिहून ठेवली. शंका रास्त होती. परंतु एवढ्या रक्तांतून त्या वेंचून काढण्याचें साधन पुढील शंभर वर्षें कोणाजवळ नव्हतें.

त्यानंतर वीस वर्षांनीं, १८८९ सालीं, लंडनमधील स्टीफन पॅजेट या शस्त्रवैद्यानें दुसरी बाजू पुढें आणली. स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्यानें तपासल्या. रक्त तर शरीरांत सर्वत्र जातें. मग नवी गांठ कोठेंहि सारख्याच प्रमाणांत उठावयास हवी होती. तसें झालें नव्हतें. यकृतांत ती दोनशेंहून अधिक जणींत आढळली, प्लीहेंत मात्र वीस जणींतहि नाहीं. पॅजेटनें यास बीं आणि जमीन यांचा दाखला दिला. रेणापूरच्या शेतकऱ्यास हा दाखला फोड करून सांगावयास नको. पेरतांना पाभरीबाहेर सांडलेला दाणा बांधावर पडतो, मुरमाड माळावर पडतो, सडकेवरहि पडतो. पण उगवतो तो ओल धरणाऱ्या काळ्या रानांत. रक्तांत सुटलेल्या पेशींचेंहि तसेंच आहे. त्यांतील बहुतेक पेशी कांहीं तासांतच नाश पावतात. कोणी रक्ताच्या धक्क्याबुक्क्यांत फुटते, कोणास शरीराचें संरक्षक दल गांठतें. क्वचित् एकादी कोठें तरी जाऊन रुजते, आणि जी रुजते तीहि पुष्कळदां वर्षानुवर्षें निपचित पडून राहते. म्हणजे रक्तांत पेशी दिसली याचा अर्थ बीं सांडलें आहे, एवढाच. पीक आलें असा नव्हे.

आतां ती शोधावयाची कशी? साडेसात मिलिलिटर रक्त घ्यावें. चहाचे दीड चमचे झाले. एवढ्याशा रक्तांत तांबड्या पेशी सुमारें पावणेचार हजार कोटि असतात आणि पांढऱ्या पेशी तीन कोटींपासून आठ कोटींपर्यंत. त्या गर्दींत गांठीची पेशी एक, दोन, फार तर पांच. नुसत्या डोळ्यांनीं शोधूं म्हटलें तर जन्म पुरणार नाहीं. परंतु शास्त्रज्ञांस एक खूण सांपडली. स्तनांतील गांठींच्या पेशींवर 'एपकॅम' नांवाचें एक प्रथिन असतें. रक्ताच्या स्वतःच्या पेशींवर तें नसतें. म्हणून लोहाचे अत्यंत बारीक कण घेऊन त्यांस या प्रथिनासच चिकटेल असें द्रव्य लावतात आणि ते कण रक्तांत सोडतात. कण त्या पेशीस जाऊन बिलगतात, आणि बाहेरून लोहचुंबक लावलें कीं पेशी ओढली जाते. मग तिला निरनिराळे रंग देऊन ती खरोखर गांठीचीच, पांढरी पेशी नव्हे, अशी खातरजमा करून घेतात. या तत्त्वावरील 'सेलसर्च' नांवाच्या यंत्रास अमेरिकेंत २००४ सालीं मान्यता मिळाली. आपल्या पुण्यांतहि अॅक्टोरियस या संस्थेनें 'ऑन्कोडिस्कव्हर' नांवाची चांचणी याच तत्त्वावर, अतिसूक्ष्म चुंबकीय कणांच्या साहाय्यानें, तयार केली असून तिला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना आहे.

पद्धत हुषारीची खरी, पण तिच्यांत एक उणीव आहे. गांठींतून सुटतांना कांहीं पेशी आपलें रूप पालटतात आणि ती खूणच टाकून देतात. मग लोहाचे कण त्यांस ओळखीत नाहींत.

मुख्य प्रश्न पुढेंच आहे. पेशी सांपडली, तर त्यावरून बाईचें पुढें काय होईल हें सांगतां येतें काय? या शोधाचें पहिलें मोठें फळ, रोग शरीरांत इतरत्र पसरलेल्या स्त्रियांच्या बाबतींत, २००४ सालीं पदरीं पडलें. अशा १७७ जणी तपासल्या असतां, ज्यांच्या साडेसात मिलिलिटर रक्तांत पांच किंवा अधिक पेशी होत्या त्यांचें आयुष्य इतरांपेक्षां बरेंच थोडें ठरलें. परंतु रोग जेव्हां स्तन आणि काख यांपलीकडे गेलेला नसतो, तेव्हां रक्तांत पेशी फारच विरळ असतात. म्हणून तेथें पांच नव्हे, एका पेशीचीहि दखल घ्यावी लागते. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथें अशा ३०२ स्त्रियांचें रक्त शस्त्रक्रियेच्या वेळीं घेण्यांत आलें आणि निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले. शंभरांत चोवीस जणींच्या रक्तांत निदान एक पेशी मिळाली. पुढें सुमारें तीन वर्षें त्यांच्यावर लक्ष ठेवलें. जिच्या रक्तांत पेशी होती त्यांपैकीं शंभरांत पंधरा जणींचा रोग उलटला. जिच्या रक्तांत नव्हती त्यांपैकीं शंभरांत तिघींचा.

येथें श्रोत्यांनीं क्षणभर थांबावें. पंधरा आणि तीन म्हणजे पांचपट, हें ऐकून छातींत धस्स होतें. वर्तमानपत्रांचे मथळेहि याच 'पांचपटी'चे बनतात. पण तोच आंकडा उलट बाजूनें वाचून पाहावा. रक्तांत पेशी मिळालेल्या शंभरांतील पंच्याऐंशी जणींचा रोग त्या तीन वर्षांत उलटला नाहीं. आणि पेशी न मिळालेल्यांतहि तिघींचा उलटलाच. जर्मनींत यापेक्षां पुष्कळ मोठी पाहणी झाली. तेथें २,०२६ स्त्रियांचें रक्त, शस्त्रक्रियेनंतर परंतु औषधोपचार सुरू होण्यापूर्वीं, तपासलें. २०१४ सालीं आलेल्या त्या अहवालाप्रमाणें शंभरांत साडेएकवीस जणींत पेशी होत्या. तीन वर्षें रोगमुक्त राहिलेल्यांचें प्रमाण पेशी नसलेल्यांत शेंकडा ९३.७ आणि असलेल्यांत शेंकडा ८८.१ होतें. फरक आहे, तो खरा आहे. पुढें २०१६ सालीं निरनिराळ्या ठिकाणच्या ३,१७३ स्त्रियांची माहिती एकत्र केली असतांहि तो टिकला. गांठ केवढी होती, काखेंतील ग्रंथींत रोग होता कीं नव्हता, या गोष्टी जमेस धरूनहि तो उरतोच. म्हणून ही खूण टाकाऊ नव्हे. मात्र तो फरक शंभर जणींच्या दोन समुदायांतील आहे. समोर बसलेल्या एका बाईचा क्रमांक पंधरांत लागणार कीं पंच्याऐंशींत, हें त्या पेशीस ठाऊक नसतें. शाळेंतील दहा वर्षांच्या निकालावरून यंदा शेंकडा किती मुलें उत्तीर्ण होतील हें सांगतां येतें. पण तिसऱ्या बाकावरचा मुलगा उत्तीर्ण होईल कीं नाहीं, हें त्या आंकड्यावरून सांगणारा शिक्षक शहाणा म्हणवणार नाहीं.

आतां शून्याचें पाहूं. लातूरच्या आडतींत तुरीच्या पोत्यांत टोचून मूठभर दाणे बाहेर काढतात आणि त्यावरून मालाचा भाव ठरतो. खडे पुष्कळ असतील तर मुठींत एक तरी येतोच. पण साऱ्या ढिगांत मोजकेच खडे असले, तर मूठ स्वच्छ निघाली म्हणून ढीग स्वच्छ, असें कोणताहि अडत्या म्हणणार नाहीं. अंगांत रक्त सुमारें साडेचार लिटर धरलें तर साडेसात मिलिलिटर हा त्याचा सहाशेंवा भाग झाला. समजा, सर्व रक्तांत मिळून सहाशें पेशी सारख्या विखुरल्या आहेत. मग एका नमुन्यांत सरासरीनें एक यावी. परंतु सरासरी ही सरासरीच असते. गणित करून पाहिलें तर असे शंभर नमुने घेतले असतां जवळ जवळ सदतीस नमुन्यांत एकहि पेशी येणार नाहीं. रक्तांत सहाशें पेशी फिरत असतांना तीन कागदांपैकीं एकावर शून्य! जर्मनींतील पाहणींत साडेसाताऐवजीं सुमारें तीस मिलिलिटर रक्त घेतलें, त्याचें कारण हेंच. शिवाय वर सांगितलेल्या, खूण टाकून दिलेल्या पेशी राहिल्याच. तेव्हां शून्य हा आकडा समाधानकारक असला तरी तो सुटकेचा दाखला नव्हे, आणि त्याच्या भरंवशावर ठरलेलीं औषधें सोडणें हा सर्वांत महागांत पडणारा सौदा होय.

मग या आंकड्यावरून उपचार तरी बदलावे काय? स्वाभाविकपणें असें वाटतें कीं, पेशी सांपडली तर औषध वाढवावें. हें वाटणें करून पाहण्यांत आलें आहे. अमेरिकेंत, रोग पसरलेल्या ५९५ स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगांत, पहिल्या औषधानंतर एकवीस दिवसांनींहि ज्यांच्या रक्तांतील पेशी उतरल्या नाहींत त्यांपैकीं अर्ध्यांचें औषध तत्काळ बदललें. २०१४ सालीं समजलें कीं, तेवढ्यानें त्यांचें आयुष्य वाढलें नाहीं. युरोपांत आरंभीच्या अवस्थेंतील स्त्रियांवर दुसरा प्रयोग झाला. त्यासाठीं १,३१७ जणींचें रक्त पाहिलें आणि पेशी टिकून राहिलेल्या ६३ जणींचे दोन गट करून एका गटास 'ट्रॅस्टुझुमॅब' हें नामांकित औषध दिलें. अठरा आठवड्यांनीं दोन्हीं गटांत पेशींच्या बाबतींत फरक आढळला नाहीं. तेंहि २०१८ सालीं प्रसिद्ध झालें. यशापेक्षां अशा अपयशाच्या बातम्या गांवापर्यंत पोंचणें अधिक जरूरीचें असतें, पण त्या छापण्याची हौस कोणास नसते.

तात्पर्य, अनिष्टाची सूचना मिळणें आणि त्यावर इलाज हातीं असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणूनच रोगाच्या पायऱ्या ठरविण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रक्तांतील या पेशीची वेगळी नोंद करण्याची सोय आहे, परंतु तेवढ्यानें पायरी बदलत नाहीं. आरंभीच्या रोगांत औषधें ठरतात तीं गांठीच्या तपासणीच्या कागदावरून. गांठ केवढी, काखेंतील किती ग्रंथींत रोग उतरला, आणि गांठीच्या पेशी ईआर, पीआर व हर-टू या तीन कसोट्यांस कसें उत्तर देतात, हें त्या कागदावर असतें. हीं तीन अक्षरें-नांवें घरांतील एकाद्या शिकलेल्या मुलानें वहींत उतरून ठेवावींत. बाईस पांच वर्षें गोळी घ्यावयाची कीं नाहीं, हें त्यांवर अवलंबून असतें. रक्तांतील पेशींच्या संख्येवर नाहीं.

या चुकार पेशींच्या विचारांतून मुंबईंत मात्र एक वेगळा आणि अत्यंत स्वस्त प्रयोग निघाला. शस्त्रक्रियेच्या वेळीं गांठ हाताळली जाते. त्या क्षणीं कांहीं पेशी सुटून जात असतील काय, आणि गांठीभोंवतालची जागा आधींच बधिर केली तर त्यांस आळा बसेल काय, असा प्रश्न टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं घेतला. दांत काढतांना हिरडींत टोचतात त्याच जातीचें लिग्नोकेन हें औषध, गांठ काढण्यापूर्वीं सात ते दहा मिनिटें, तिच्या सभोंवार टोचावयाचें. बस्स, एवढाच प्रयोग. देशांतील अकरा केंद्रांत मिळून १,६०० स्त्रिया त्यांत होत्या. २०२३ सालीं निष्कर्ष बाहेर आले. पांच वर्षें रोगावांचून राहिलेल्या स्त्रिया टोचलेल्या गटांत शेंकडा ८६.६ आणि न टोचलेल्या गटांत शेंकडा ८२.६ भरल्या, पांच वर्षांनंतर हयात असलेल्या अनुक्रमें ९०.१ व ८६.४. शंभरांत चौघींचा लाभ, आणि खर्च कांहीं रुपयांचा! हा लाभ पेशी अडल्यामुळेंच झाला, असें मात्र या प्रयोगानें सिद्ध झालेलें नाहीं, कारण त्यांत रक्तांतील पेशी मोजून हा निकाल लाविलेला नव्हता. पण नाना कोटींच्या औषधांच्या या काळांत, असा प्रयोग करावा असें परळच्या एका धर्मादाय रुग्णालयास सुचावें, ही अभिमानाची गोष्ट आहे.

हें सारें झालें ज्यांस रोग आहे त्यांच्याविषयीं. कांहींहि तक्रार नसलेल्या स्त्रियांनीं असें रक्त तपासून घ्यावें काय, हा प्रश्न अलीकडे विचारला जातो. कारण नाशिक येथील दातार कॅन्सर जेनेटिक्स या संस्थेनें त्यासाठींच एक चांचणी तयार केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२१ सालीं तिला 'ब्रेकथ्रू' असा दर्जा दिला आणि २०२२ सालीं ती भारतांत मिळूं लागली. हा दर्जा म्हणजे पुढील तपासणीचें काम लवकर व्हावें म्हणून मिळालेली सवलत; विक्रीची मंजुरी नव्हे. प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु निरोगी माणसांच्या तपासणींत गणित कसें वागतें, तें समजून घ्यावें. समजा, दहा हजार स्त्रियांत न कळलेला रोग दहा जणींस आहे, आणि चांचणी इतकी उत्तम कीं तिनें दहाहि जणी धरल्या व निरोगी शंभरांत फक्त एकीस चुकून दोषी ठरविलें. तरीसुद्धां निरोग्यांतील शंभर जणींस भीतीचा कागद जाईल. एकंदर एकशें दहा कागद. त्यांतील शंभर चुकीचे. त्या प्रत्येकीस पुढें मॅमोग्राफी, कदाचित् सुईचा तपास, आणि अनेक रात्रींचें जागरण. अशा चांचणीनें मृत्यु कमी होतात कीं नाहीं, हें ठरावयास हजारों स्त्रियांवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवावें लागतें.

तसें लक्ष ठेवण्याचें काम मुंबईंतच झालें आहे, पण रक्ताच्या नव्हे, हाताच्या तपासणीविषयीं. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या पुढाकारानें १९९८ सालापासून मुंबईंतील ३५ ते ६४ वर्षें वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया दोन गटांत घेतल्या. एका गटांतील स्त्रियांचे स्तन, शिक्षण दिलेल्या स्त्री-आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, अशा चार फेऱ्यांत, हातानें तपासले. वीस वर्षांनंतर, २०२१ सालीं, हिशेब जाहीर झाला. तपासलेल्या गटांत रोग लवकरच्या पायरीवर सांपडूं लागला. सर्व वयांचा मिळून मृत्यूंतील फरक निःसंशय म्हणावा इतका नव्हता. पण पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु जवळ जवळ शेंकडा तीसनें उतरले. ना यंत्र, ना रसायन. शिकविलेला हात आणि पाठपुरावा.

खेड्यांत असें होईल काय, अशी शंका घेणाऱ्यांनीं बार्शीकडे पाहावें. तेथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर भूम आणि परंडा हे मराठवाड्यांतील तालुकेहि तिच्या कक्षेंत आले. नोंदणी करणारे लोक गांवोगांव जात, मंडळी जमवीत आणि रोगाचीं चिन्हें समजावून सांगत. कांहीं वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वींपेक्षां लवकरच्या पायरीवर रुग्णालयांत येऊं लागल्याचें त्यांच्याच वह्यांत दिसून आलें. नुसत्या बोलण्यानें एवढें झालें. तो रोग निराळा, पण माणसें हीच, बोली हीच आणि 'दुखत नाहीं तर कशाला दाखवूं?' हें म्हणणेंहि हेंच.

स्तनांतील कर्करोगाची गांठ आरंभीं बहुधा दुखत नाहीं, आणि पुष्कळशा बायका थांबतात त्या त्यामुळेंच. गांठ हातास लागली, स्तनाग्र आंत ओढलें गेलें, त्यांतून रक्त आलें, कातडीवर खळगा पडला अगर काखेंत गोळा आला, तर प्रथम जावयाचें तें रक्ताच्या चांचणीकडे नव्हे, हातानें तपासणाऱ्या डॉक्टराकडे. तीस वर्षांवरील स्त्रियांची अशी तपासणी सरकारी आरोग्य-कार्यक्रमांतच अंतर्भूत आहे, म्हणून गांवांतील आशा-कार्यकर्तीस विचारण्यास संकोच नको. पुढील तपासासाठीं लातूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि रोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटर. सकाळच्या बसनें निघालेली बाई दाखवून संध्याकाळीं घरीं येऊं शकते. बरोबर एक शिकलेलें माणूस, शिधापत्रिका, आणि पूर्वींचे सर्व कागद असावेत. ज्यावर शून्य लिहिलें आहे तो कागदहि, आणि ज्यावर एक लिहिलें आहे तोहि.